सौरवीज स्वस्त झाली ती कुणामुळे? विद्यापीठांतल्या संशोधनाबद्दल थोडं सविस्तर

तारमार्ग

शेतीपंपांच्या धाग्यावर परवा एका सदस्याने लिहिलं, "सौरवीज चीनने स्वस्त केली, बाकी जगाने नुसती भाषणं दिली." उत्तर द्यायला बसलो तर ते त्या धाग्यात मावेना, म्हणून हा वेगळा धागा. मी वीज क्षेत्रात नोकरी करतो, संशोधक नाही. पण या प्रश्नावर विद्यापीठांत झालेलं काम अनेक वर्षं वाचत आलो आहे आणि ते मराठीत यावं असं मनापासून वाटतं.

आधी किंमत. १९७६ मध्ये सौर पॅनेल वॉटला शंभर डॉलरहून महाग होतं (महागाई वजा करून, २०१९च्या डॉलरमध्ये). २०१९ मध्ये तेच चाळीस सेंटच्या आत आलं. या उतरणीला एक शिस्त आहे. जगात आजवर बनलेल्या एकूण पॅनेलची बेरीज दुप्पट झाली की किंमत साधारण २० टक्क्यांनी खाली येते, आणि हे चार दशकांहून जास्त काळ चाललं आहे. असा नियम पहिल्यांदा मांडला तो थिओडोर राइट या विमान अभियंत्याने, १९३६ मध्ये, विमानांच्या कारखान्यातले मजुरीचे तास मोजून. त्यामुळे याला राइटचा नियम म्हणतात.

पण नियम सांगितला म्हणजे कारण सांगितलं असं होत नाही. कारण शोधलं ते एमआयटीतल्या जेसिका ट्रान्सिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा २०१८चा निबंध मला या सगळ्या विषयातला सर्वांत उपयोगी वाटतो. १९८० ते २०१२ या काळात पॅनेलची किंमत ९७ टक्क्यांनी उतरली. त्यांनी ही किंमत सुटी केली: सिलिकॉनचा भाव, एका वॉटमागे किती सिलिकॉन लागतं, सेलची (पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकतीची) कार्यक्षमता, वेफरचा (सेलसाठीच्या सिलिकॉनच्या पातळ कापाचा) आकार, वाया जाणारा माल, कारखाना केवढा. प्रत्येक घटकाने किती पैसे वाचवले हे काढलं आणि मग तो घटक कशामुळे बदलला हे विचारलं. उत्तर असं आलं की साधारण २००१ पर्यंत सर्वांत मोठा वाटा संशोधनाचा, सरकारी आणि खासगी दोन्ही. त्यानंतर मोठ्या कारखान्यांचा वाटा वाढत गेला. आणि एकूण घसरणीपैकी सुमारे ६० टक्के घसरण बाजारपेठ वाढवणाऱ्या सरकारी धोरणांच्या खाती जाते. म्हणजे कुणीतरी ठरवून, महाग असताना, माल विकत घेतला म्हणून.

तो कुणी घेतला? पहिला कामाचा सिलिकॉन सेल १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत बनला, कार्यक्षमता सुमारे ६ टक्के. १९५८ मध्ये व्हॅनगार्ड उपग्रहावर चढला, कारण अंतराळात किंमत कुणी विचारत नाही. तेलसंकटानंतर १९७४ मध्ये जपानने 'सनशाइन' प्रकल्प काढला आणि १९९४ पासून घरांच्या छपरांना अनुदान दिलं. जर्मनीने २००० मध्ये कायदा केला: छपरावर वीज तयार करा, युनिटला ९९ फेनिग (तेव्हाच्या जर्मन चलनात जवळपास एक मार्क), वीस वर्षांची हमी. दरम्यान सिडनीत न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांचा गट १९८०च्या दशकापासून सेलच्या पाठीमागची बाजू सुधारत होता. त्यातून 'पर्क' नावाचा सेल आला, जो पुढे तीस वर्षांनी जगभरातल्या बहुतेक पॅनेलमध्ये बसला. ग्रीन यांचा एक विद्यार्थी शी झेंगरोंग २००१ मध्ये चीनला परतला, वूशी शहरात सनटेक कंपनी काढली आणि जर्मन छपरांसाठी माल बनवू लागला.

तेव्हा चीनचा वाटा प्रचंड आहे, कारखाने त्यांनीच उभे केले. पण त्या कारखान्यांतलं ज्ञान सिडनीचं, गिऱ्हाईक जर्मन, सुरुवात अमेरिकन आणि जपानी. ही साखळी कुठेही तुटली असती तर आज आपण शेतीपंपावर सौर पॅनेलची चर्चा करत नसतो.

अर्थशास्त्रज्ञ याकडे कसं पाहतात तेही थोडक्यात. हवामानबदलात बाजार दोनदा चुकतो. धूर सोडणारा त्याची किंमत भरत नाही, ही पहिली चूक. नवं तंत्र शोधणाऱ्याला त्याचा पूर्ण मोबदला मिळत नाही कारण ज्ञान शेजारी फुकट पसरतं, ही दुसरी. २०१८चं अर्थशास्त्राचं नोबेल एकत्र मिळालं ते येलच्या विल्यम नॉर्डहाउस यांना पहिल्या विषयावर आणि पॉल रोमर यांना दुसऱ्यावर. दोन्ही एका मांडणीत आणणारा निबंध २०१२चा आहे, असेमोग्लू, आगियाँ आणि सहकाऱ्यांचा. त्याचा निष्कर्ष: फक्त कार्बनवर कर लावून भागत नाही, स्वच्छ तंत्राच्या संशोधनाला थेट पैसाही द्यावा लागतो. स्वच्छ तंत्र एकदा पुढे गेलं की तो आधार काढून घेता येतो. पण उशीर केला तर पुढचा खर्च वाढतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्वस्त होईपर्यंत थांबू आणि मग घेऊ, हे धोरण नव्हे. सगळेच थांबले तर ते स्वस्त होत नाही.

निळावंती

फार सुंदर लिहिलंत. एक शंका आहे, कदाचित बाळबोध वाटेल. बेरीज दुप्पट झाली की २० टक्के उतार, हा जर नियमच असेल तर सरकारने मध्ये पडायची गरज काय? आज ना उद्या किंमत उतरणारच की.

तारमार्ग

निळावंतीताई, शंका अगदी मर्मावर आहे. नियमात वर्षं नाहीत, नग आहेत. २०१० मध्ये जगभर कुणी पॅनेल घेतलं नसतं तर २०११ मध्ये किंमत उतरली नसती. उतरणीला इंधन लागतं ते खरेदीचं.

आपल्याकडचं उदाहरण एलईडीचं आहे. २०१४च्या सुरुवातीला सरकारी कंपनी ईईएसएलने घाऊक खरेदी केली तेव्हा बल्ब ३१० रुपयांना पडला. 'उजाला' योजनेत कोट्यवधींची मागणी एकत्र केल्यावर २०१७ पर्यंत खरेदीचा भाव ३८ रुपयांवर आला. तंत्र आधीपासून होतं, पांढऱ्या उजेडासाठी लागणाऱ्या निळ्या एलईडीचं संशोधन जपानमध्ये होऊन गेलं होतं. आपण मागणीची खात्री दिली.

आणि हा उतार ओळखण्यात तज्ज्ञ किती कमी पडले तेही पाहण्यासारखं आहे. ऑक्सफर्डच्या रूपर्ट वे, डॉइन फार्मर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुनी २९०५ भाकितं तपासली. २०१० ते २०२० या दशकात सौरऊर्जेचा खर्च वर्षाला किती घटेल याची ती भाकितं होती. सरासरी अंदाज २.६ टक्के, आणि एकही अंदाज ६ टक्क्यांच्या वर नाही. प्रत्यक्षात खर्च वर्षाला १५ टक्क्यांनी घटला. याच भाकितांवर देशोदेशींचे ऊर्जा आराखडे बेतले गेले. वे आणि फार्मर यांचा स्वतःचा हिशेब असा की ऊर्जाबदल झपाट्याने केला तर जगाचे किमान १२ लाख कोटी डॉलर वाचतात, आणि यात हवामानाचं नुकसान टळल्याचा फायदा धरलेलाच नाही.

दूरदेशी

जर्मनीत राहते, म्हणून दुसरी बाजू सांगते. ते ९९ फेनिग आकाशातून पडले नाहीत, प्रत्येक घराच्या वीजबिलात अधिभार म्हणून आले. २०१७ मध्ये हा अधिभार युनिटला ६.८८ सेंटपर्यंत गेला होता. घरटी वर्षाला दोनशे युरोंच्या वर जात होते आणि मोठ्या उद्योगांना बरीच सूट होती, तेव्हा बोजा सामान्य घरांवर जास्त. जुलै २०२२ पासून तो बिलातून काढला.

आणि कारखाने? पूर्व जर्मनीत बिटरफेल्डच्या परिसराला 'सोलर व्हॅली' म्हणत. क्यू-सेल्स ही तिथली कंपनी काही काळ जगात सर्वांत मोठी सेल बनवणारी होती. २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, कोरियन कंपनीने घेतली. सोलरवर्ल्ड २०१७ मध्ये बुडाली. तिथे नोकरी गेलेल्या माणसाला "तुमच्या पैशाने साऱ्या जगाला स्वस्त वीज मिळाली" हे सांगून दिलासा मिळत नाही, मी असे लोक पाहिले आहेत.

तरीही मला वाटतं की जर्मन गृहिणींनी भरलेला तो अधिभार हे गेल्या पन्नास वर्षांतलं जगाला मिळालेलं सर्वांत मोठं दान आहे, भले ते देताना कुणाला ठाऊक नसेल. राजस्थानातली सौरवीज अडीच रुपयांना मिळते त्यात त्यांचा हात आहे. याची कृतज्ञता बाळगावी आणि पुढच्या वेळी आपला वाटाही उचलावा.

अर्थशोध

धागाकर्त्यांशी बऱ्याच अंशी सहमत, पण एक इशारा द्यायलाच हवा. राइटचा नियम सगळ्यांना लागू पडत नाही आणि तो सरसकट लावला तर पैसा वाया जाईल.

कोळशाचं पाहा. मॅकनर्नी, फार्मर आणि ट्रान्सिक यांनीच २०११ मध्ये अमेरिकेतल्या कोळशाच्या विजेचा १८८२ पासूनचा खर्च अभ्यासला. वीजकेंद्रं दीर्घकाळ सुधारत गेली, पण कोळशाच्या भावाला दिशाच नाही, तो वरखाली होत राहतो. खाणीतून काढायच्या वस्तूचं असंच असतं. अणुऊर्जेत उलटा अनुभव आहे. फ्रान्सने एकाच धाटणीच्या अणुभट्ट्या रांगेने बांधल्या, तरी नंतरच्या भट्ट्या आधीच्यांपेक्षा महाग पडत गेल्या. अर्नुल्फ ग्रुब्लर यांचा २०१० मधला अभ्यास त्यावर आहे.

फरक कुठे पडतो? लहान, एकसारखी, कारखान्यात लाखोंनी निघणारी वस्तू पटकन शिकते. पॅनेल, बॅटरी, बल्ब. मोठा, प्रत्येक ठिकाणी वेगळा, वर्षानुवर्षं बांधायचा प्रकल्प हळू शिकतो किंवा शिकतच नाही. चार्ली विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये हेच अनेक तंत्रांची तुलना करून दाखवलं. झुरिकच्या ईटीएचमधल्या टोबियास श्मिट यांच्या गटाचं कामही याच दिशेचं आहे: रचना किती गुंतागुंतीची आणि जागेनुसार किती बदलावी लागते, यावरून वेग ठरतो.

आता सिमेंट आणि पोलाद या दोघांचं काय? सिमेंटसाठी चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टी सौरविजेवर चालवली तरी. तिथे पॅनेलसारखी जादू होईल असं धरून चालू नये.

नॉर्डहाउस यांचं नाव आलं म्हणून तेही सांगतो. त्यांच्या २०१६च्या प्रारूपात (हवामान आणि अर्थव्यवस्थेचा एकत्र हिशेब मांडणारी समीकरणं) 'सर्वांत किफायतशीर' मार्गाने शतकाअखेर साडेतीन अंशांची तापमानवाढ निघाली. विदर्भातल्या उन्हाळ्यात साडेतीन अंश म्हणजे काय, हे त्या समीकरणात दिसत नाही. तंत्रज्ञान किती वेगाने स्वस्त होईल हे त्या प्रारूपात बाहेरून घातलेलं असतं, खरेदी वाढवली तर ते आणखी स्वस्त होईल ही शक्यताच त्यात नाही. माझ्या मते या शाखेचा हा गंभीर दोष आहे आणि त्याची किंमत गरीब देशांनी मोजली आहे.

कोरडवाहू

सगळं वाचलं. आमच्याकडं, मराठवाड्यात, हे कागद कसे उतरतात ते लिहितो.

मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत दहा टक्के भरून पंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच एचपी, त्यावर साडेसात. माझ्याकडं पाचचा आहे. दिवसा पाणी देता येतं हे फार मोठं आहे, हे आधी सांगतो. रात्री दोनला लाइट आली की बॅटरी घेऊन रानात जायचं, पायाखाली काय आहे दिसत नाही, जुन्नर भागात तर बिबट्या. ज्याने हे केलंय त्यालाच दिवसाच्या पाण्याची किंमत कळते.

पण पॅनेल स्वस्त झालं म्हणून दुरुस्ती स्वस्त झाली नाही. माझ्या पंपाचा कंट्रोलर ऐन हरभऱ्याच्या पाळीला बंद पडला. कंपनीचा माणूस येतो म्हणायचा आणि यायचा नाही. तालुक्याला तो कंट्रोलर उघडणारा कारागीर नाही. मोटर रिवाइंडिंगवाले ढीगभर आहेत, पण हे इलेक्ट्रॉनिक्स त्यांना कुणी शिकवलं नाही. आयटीआयमध्ये हे शिकवा, गावात दोन पोरं तयार करा. विद्यापीठाने किंमत मोजताना हाही खर्च मोजावा.

अवनी_क

कोरडवाहू दादा, तुमचा मुद्दा संशोधनातही दिसतो. आयआयटी मुंबईत २०१० पासून राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्र आहे. त्यांनी गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेबरोबर २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये देशभर फिरून प्रत्यक्ष बसवलेली पॅनेलं तपासली. लडाखपासून तमिळनाडूपर्यंत वेगवेगळ्या हवामानात. निष्कर्षांतले दोन आपल्या कामाचे. उष्ण भागातली पॅनेलं थंड भागातल्यांपेक्षा लवकर खराब होतात. आणि छपरावरची छोटी बसवणूक मोठ्या जमिनीवरच्या प्रकल्पांपेक्षा जास्त वेगाने घसरते. यामागे बसवताना झालेली हयगय, हलक्या प्रतीचा माल, पाठीमागे हवा खेळायला जागा न ठेवणं अशी कारणं येतात. बसवताना पॅनेलवर पाय दिला तर सेलला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात, ते नंतर पॅनेलमध्ये वीज सोडून रात्री काढलेल्या फोटोत काळ्या रेषांसारखे दिसतात.

मी अशी पाहणी जवळून पाहिली आहे. उन्हात पॅनेलसमोर उभं राहून एकेकाचा वीजदाब आणि प्रवाहाचा वक्र नोंदवायचा, मागच्या बाजूचं तापमान घ्यायचं, रात्री परत येऊन फोटो काढायचे. कष्टाचं आणि न चमकणारं काम. पण आपल्या उन्हात पंचवीस वर्षांची हमी कितपत टिकते हे जर्मनीतल्या प्रयोगशाळेतून कळणार नाही. युनिटची खरी किंमत पॅनेल किती वर्षं किती वीज देतं यावर ठरते, तेव्हा ही पाहणी म्हणजे अर्थशास्त्राचाच भाग आहे.

निळावंती

हे वाचून छपरावर पॅनेल बसवणाऱ्याला काय विचारायचं ते कळलं. अवनी, धन्यवाद.

मीटरमास्तर

पैशाची गोष्ट निघाली आहे तर कोळशावरच्या उपकराबद्दल लिहायलाच पाहिजे. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला. उद्देश स्पष्ट होता: राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी, त्यातून संशोधन आणि नवे प्रकल्प. उपकर वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या २०१२च्या निबंधातला सल्ला आपण निबंध छापून येण्याआधीच अमलात आणला होता: घाण करणाऱ्यावर कर आणि त्यातून स्वच्छ तंत्राला पैसा. जगात फार थोड्या देशांनी तेव्हा हे केलं होतं.

मग काय झालं? २०१०-११ ते २०१७-१८ मध्ये सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. त्यातले ३० हजार कोटींच्या आत निधीकडे गेले आणि प्रत्यक्ष वापरले गेले ते १६ हजार कोटींच्या आसपास. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हा उपकर राज्यांच्या भरपाईकडे वळला. संशोधनासाठी आणि नव्या प्रकल्पांसाठी गोळा केलेला बहुतेक पैसा त्या कामाला मिळाला नाही. आपला देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, तेव्हा हा पैसा कुठे फार झाला असता असंही नाही.

मला याचा राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. टनामागचा हा उपकर अखेर विजेच्या बिलातूनच, तुमच्याआमच्याकडून वसूल झाला. जर्मन ग्राहकाच्या पैशातून निदान पॅनेल लागलं.

पाणलोट

कोरडवाहूंनी दिवसाच्या पाण्याबद्दल लिहिलं ते शंभर टक्के खरं. पण पाण्याचा हिशेबही धरला पाहिजे. सौर पंपाला बिल नाही, ऊन आहे तोवर उपसा चालू. ज्या तालुक्यांत भूजल आधीच खाली गेलं आहे तिथे हे जड जाईल. आमच्या भागात बोअर आठशे फुटांवर गेलेत.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात यावर एक अतिशय विचारपूर्वक प्रयोग झाला. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेतले तुषार शाह यांची ही कल्पना. सहा शेतकऱ्यांची सौरऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी काढली, पंप ग्रिडला जोडले, आणि वीज कंपनीने उरलेली वीज युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी पंचवीस वर्षं घ्यायचा करार केला. वर संस्थेने सव्वा रुपया हरित बोनस आणि सव्वा रुपया पाणी वाचवण्याचा बोनस दिला. मग शेतकऱ्यासमोर रोज प्रश्न उभा राहतो: हे युनिट उपशाला घालू की विकू? पाणी वाचवलं तर हातात रोकड येते. उन्हाचं पीक घेतल्यासारखं. गुजरात सरकारने २०१८ मध्ये 'सूर्यशक्ती किसान योजना' आणली ती याच धर्तीवर.

महाराष्ट्रात आपण दोन वाटा धरल्या. एक, ग्रिडपासून सुटा पंप. दुसरी, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी: गावाजवळ काही मेगावॉटचा प्रकल्प आणि शेतीचा पूर्ण फीडर (शेतीपंपांना वीज नेणारी लाइन) दिवसा त्यावर. दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण प्रकल्प एका जागी असल्याने देखभाल होते आणि वीज तीन रुपयांच्या आसपास पडते. पण दोन्हींत पाणी वाचवणाऱ्याला काही मिळत नाही. आपल्याकडे सहकाराची एवढी परंपरा असताना ढुंडीसारखी मंडळी नगर किंवा सांगलीत का नसाव्यात?

कोरडवाहू

पाणलोट भाऊ, ४.६३चा भाव असेल तर उद्या दहा जणांना घेऊन येतो. पण वीज कंपनीने पैसे वेळेवर दिले पाहिजेत. उसाच्या बिलासारखं थकत गेलं तर कुणी थांबणार नाही.

पाणलोट

बरोबर. भाव आणि वेळेवर पेमेंट, दोन्ही करारात हवं.

तारमार्ग

आज सगळे प्रतिसाद एकत्र वाचले. अर्थशोध, तुमचा इशारा मान्य, 'लहान आणि एकसारखी वस्तू' हा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता. त्यातूनच पुढचा विषय निघतो, साठवणीचा. दुपारी वीज उदंड आणि संध्याकाळी सातला मागणी शिगेला, ही आजची खरी अडचण आहे.

लिथियम बॅटरीची गोष्ट पॅनेलसारखीच आहे. १९८० मध्ये ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र (बॅटरीचं धन टोक) शोधला, १९९१ मध्ये सोनीने पहिली बॅटरी बाजारात आणली, २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्रान्सिक आणि मिका झिगलर यांनी १९९१ पासूनचे भाव तपासले, तर तिथेही ९७ टक्क्यांची घसरण निघाली. भारतातला ताजा अनुभव सांगतो: २०२२ मध्ये भारतीय सौरऊर्जा महामंडळाच्या निविदेत साठवणीचा दर मेगावॉटला महिना सुमारे १०.८ लाख रुपये होता. २०२४च्या अखेरीस राज्यांच्या काही निविदांत, सरकारी अनुदान धरून, तो अडीच लाखांच्या खाली आला. अटी सगळीकडे सारख्या नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे.

सह्याद्रीत पाणी वर चढवून वीज साठवण्याची जुनी सोय आहेच. घाटघरला २५० मेगावॉट, भिऱ्याला १५०. पण हे अर्थशोध म्हणतात त्या जातीचं काम आहे, प्रत्येक डोंगर वेगळा. शिवाय पश्चिम घाटातल्या जंगलाचा प्रश्न. त्यामुळे दोन्ही लागतील, फक्त दोन्हींचा खर्च एकाच रेषेत उतरेल असं धरायचं नाही.

आणि मीटरमास्तर, तुमच्या प्रतिसादातल्या आकड्यांवर वेगळा धागा काढा. तो विषय इथे बुडायला नको.

दूरदेशी

एक भर घालते. आज पॅनेलच्या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे. भारताने एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के शुल्क लावलं. देशी कारखाने हवेत हे पटतं. पण पॅनेल जोडणं आणि सेल, वेफर, पॉलिसिलिकॉन (वेफरसाठीचं शुद्ध सिलिकॉन) बनवणं यांत खूप अंतर आहे. वूशीच्या कारखान्यामागे सिडनीत शिकलेली माणसं होती. कारखान्याला शुल्काचं कुंपण मिळालं आणि शेजारच्या विद्यापीठात सेलवर काम करणारी प्रयोगशाळाच नसली, तर पुढचा सेल पुन्हा बाहेरूनच येईल. पर्कची जागा आता टॉपकॉन या नव्या प्रकारच्या सेलने घेतली आहे, ते तंत्र फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेत वाढलं.

नवखा_०७

मी नाशिकला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. धागा वाचून या क्षेत्रात काम करावंसं वाटतंय. पण तंत्राकडे जावं की अर्थशास्त्राकडे ते कळत नाही. महाराष्ट्रात राहून काय करता येईल?

अवनी_क

तंत्राकडे ओढा असेल तर आयआयटी मुंबईचा ऊर्जा विज्ञान आणि अभियांत्रिकी विभाग. तिथे सिलिकॉनवर पेरोव्स्काइट या प्रकाश शोषणाऱ्या दुसऱ्या पदार्थाचा थर देऊन दुहेरी सेल बनवण्याचं काम चालू आहे, म्हणजे पर्क-टॉपकॉनच्या पुढची पायरी. पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) इंधनघट, म्हणजे इंधनापासून थेट वीज देणारे सेल, आणि आयसरमध्ये बॅटरीच्या रसायनावर काम चालतं. मुंबईच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्था) हायड्रोजनवर. एमटेकला गेट द्यावी लागेल, तयारी आताच सुरू कर.

अर्थशोध

अर्थशास्त्राकडे यायचं असेल तर गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि पुण्याची गोखले संस्था. इंजिनिअरिंगचं गणित असल्याने प्रवेश परीक्षेला अडचण येऊ नये, सांख्यिकी मात्र पक्की कर. पुण्यात प्रयास ऊर्जा गट आहे. ते विद्यापीठ नाही, पण वीजदर आणि शेतीच्या विजेवर त्यांच्याइतकं बारकाईचं काम कमी ठिकाणी होतं. त्यांचे मराठीतले अहवालही वाच.

आणि 'एक निवडावं लागेल' असं धरू नकोस. ट्रान्सिक स्वतः मटेरियल्स सायन्समधून आल्या आणि खर्चाच्या अभ्यासाकडे वळल्या. सेल कसा बनतो हे माहीत असल्याशिवाय त्याची किंमत सुटी करता आली नसती.

कोरडवाहू

नवखा, सुट्टीत आमच्याकडं ये. तालुक्यातले बंद पडलेले पंप दाखवतो, कोणता भाग किती दिवसांत गेला ते लिहून काढ. तुझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टला होईल आणि आम्हालाही ती यादी कंपनीपुढं ठेवता येईल. संपर्कातून निरोप पाठव.